डोळे मिचकावा

अठरा पूर्ण, असं मी लिहिलं नाही.
पप्पांच्या पॅनकार्डाने लिहिलं,
जे कपाटात रेशनकार्डाच्या घडीत असतं.
मग स्क्रीनवर एक गोल आला:
चेहरा आत धरा. डोळे मिचकावा.
स्कॉलरशिपचा फॉर्म आहे, मी म्हटलं.
पप्पा जेवत होते. उठून हात धुतला,
ओला तळवा केसांवरून फिरवला,
शर्टाचं वरचं बटण लावलं
आणि त्या गोलात बघून
दोनदा मिचकावले डोळे,
मग आणखी एकदा, कमी पडू नये म्हणून.

त्या रात्रीपासून फोन विचारायला लागला,
मनोहर, कुठे आहात?
मनोहर, खास तुमच्यासाठी दोनशे रुपये.
फोर्टमधल्या ज्या इमारतीत पप्पा लिफ्ट चालवतात
तिथे तेवीस वर्षं लोक त्यांच्याशी
'चौथा' आणि 'तळ' एवढंच बोलतात.

खेळ विमानाचा.
विमान चढतं, आकडा चढतो,
दीड, दोन, सव्वातीन,
ते नाहीसं व्हायच्या आत बटण दाबायचं.
पहिल्या दिवशी चाळीसचे नऊशे झाले.
इरफानला फालुदा पाजला,
कशाबद्दल, ते सांगितलं नाही.
नंतरचं सांगण्यासारखं नाही.
तरी, क्लासची फी. सायकल.
ताईचे कानातले नाही,
त्यांच्यावर नजर गेली फक्त.
आणि आईच्या भिशीचे अकरा हजार चारशे,
जे तिने माझ्याच खात्यात ठेवले होते,
तिला एटीएमची भीती वाटते
आणि मी हुशार आहे म्हणून.

तळमजल्यावरचे बावकर पहाटे पाण्याला उठतात.
काळाचौकीत तेव्हा कुत्रीसुद्धा झोपलेली असतात.
जिन्यात त्यांनी मला पाहिलं,
फोन नाही, अंगठा पाहिला.
ओपन का क्लोज? म्हणाले.
मी म्हटलं, विमान.
ते पायरीवर टेकले. गिरण्या चालू होत्या तेव्हा
पानाच्या गादीमागे बसून आकड्यांच्या चिठ्ठ्या लिहायचे.
"पण आमच्या दुकानाला रात्री फळ्या लागायच्या रे,"
एवढं बोलून बादली उचलली.
उपदेश करतील म्हणून मी तयार होतो.

सोमवारी अ‍ॅप काढलं.
गुरुवारी घातलं, शुक्रवारी काढलं.
अकाउंटन्सीच्या वहीत मागे काड्या ओढायला लागलो.
रात्री अकरानंतर हातांचं काय करायचं कळेना,
तर पीठ मळून ठेवलं सकाळचं.
आई म्हणाली, बरा आहेस ना?
तेरा काड्या झाल्या.
चौदाव्या रात्री मेसेज:
मनोहर, तुमची खूप आठवण येते.
एवढंच. अंगठ्याला वाट माहीत होती.
काड्या खोडल्या नाहीत मी.
पुढच्या जागेवर कर्कटकाने एक भोक पाडलं,
ते मागच्या चार पानांवरही उमटलंय.

खातं कायमचं बंद करता येतं.
खूप खाली, बारीक अक्षरांत.
दाबलं, तर पुन्हा तो गोल.
चेहरा आत धरा.

रविवारी दुपारी पप्पा
पेपर पसरून नखं कापत होते.
मी सांगितलं. आधी आठ हजार म्हणालो,
मग खरा आकडा.
आतल्या खोलीत शिवणयंत्र थांबलं.
पप्पांनी नखं कागदात गुंडाळली,
पुडी कुठे ठेवावी ते बघत राहिले.
"म्हणजे स्कॉलरशिप नव्हतीच," म्हणाले.
मग बसले समोर, बनियनवरच,
केसांना हात न लावता.
माझा हात हलत होता,
चेहरा सारखा गोलाबाहेर जात होता.
त्यांनीच माझं मनगट धरलं.
डोळे मिचकावा, स्क्रीन म्हणाली.
डोळे मिचकावा.
पप्पा बघत होते
फोनच्या वरून, माझ्याकडे,
न मिचकावता.